मिरजोळे एमआयडीसीतील गॅरेज : ‘वाकलेल्या’ डिस्कमागचे खरे कारण

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतील या गॅरेजमध्ये मी गेल्या महिन्यात गाडीच्या पुढच्या ब्रेकचे काम करून घेतले. ब्रेक दाबला की थरथरणारी गाडी येथे दुरुस्त झाली आणि ती का थरथरत होती, हेही मला समोर उभे करून दाखवण्यात आले. म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आम्ही भाट्ये किनाऱ्याजवळ राहतो आणि मुलगी कोल्हापूरला असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी आंबा घाटातून जाणे-येणे होते. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायचे आणि पायाखालचे पेडल धडधडायचे. दुसऱ्या एका ठिकाणी ‘डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या) वाकल्या’ असे सांगून त्या लेथवर मारून, म्हणजे घासून सपाट करून दिल्या आणि नवे पॅड (डिस्कला दाबून वेग कमी करणारे ब्रेकचे तुकडे) बसवले. गाडी छान चालू लागली. मात्र तीन हजार किलोमीटर होतात न होतात तोच तीच थरथर परत आली.

येथील मिस्त्रींनी चाक काढल्यावर डिस्क नटांनी हबवर (ज्यावर चाक आणि डिस्क बसते त्या भागावर) घट्ट आवळली, डोलणे मोजणारे काट्याचे डायल गेज लावले आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा ०.१२ मिलिमीटर हलला. डिस्क उतरवली तेव्हा हबच्या तोंडावर तांबड्या गंजाचा पापुद्रा होता, एका बाजूला नखाला लागेल इतका जाड. तो वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून तीच डिस्क पुन्हा बसवली, तर काटा जेमतेम ०.०३ हलला. “काका, ही वाकलेली नाही, तिरकी बसलेली आहे. गंज काढल्याशिवाय नवी कोरी डिस्क लावली असती तरी तीसुद्धा डुललीच असती,” असे ते म्हणाले.

तिरकी बसलेली डिस्क ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात पॅडला एकाच जागी हलकी घासते. हजारो किलोमीटरनंतर ती जागा झिजून पातळ होते, किंवा तापलेल्या पॅडचा थर कुठे कमी, कुठे जास्त चिकटतो. अशी जाडी कमीजास्त झालेली डिस्क पॅडमधून फिरू लागली की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टन आतबाहेर ढकलला जातो आणि तोच धक्का ब्रेक ऑइलमधून पेडलपर्यंत येतो. थरथर लगेच न येता तीन हजार किलोमीटरनंतर का आली, याचा उलगडा मला येथे प्रथमच झाला. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली, तेव्हा ०.०३ मिलिमीटरचा फरक निघाला. एवढासा फरकही पायाला जाणवतो. आधीच लेथवर मारल्यामुळे डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ पोहोचली होती, म्हणून दोन्ही पुढच्या डिस्क बदलण्याचा सल्ला मला पटला.

डाव्या चाकाचा आतला पॅड मधोमध तडकलेला होता, बाहेरचा मात्र जवळजवळ नव्यासारखा. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांतली एक पिन खाऱ्या हवेने गंजून जाम झाली होती. त्यामुळे ब्रेक सोडला तरी आतला पॅड डिस्कला टेकूनच राहायचा, तापायचा, आणि शेवटी तडकला. पिनेवरचे रबरी टोपण फाटलेले असूनही आधीच्या कामात ते कोणी पाहिले नव्हते, याचे मला वाईट वाटले. येथे पिना आणि टोपणे बदलून सिलिकॉन ग्रीस लावले. साध्या ग्रीसने रबर फुगते.

मिस्त्रींनी माझ्याही सवयी विचारल्या. आंबा घाट मी तिसऱ्या गिअरमध्ये सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरत असे, आणि एकदा वास आला म्हणून साखरप्याला थांबून चाकांवर बाटलीतले पाणी ओतले होते. डिस्कच्या तापलेल्या बिडावर (ओतीव लोखंडावर) असे अचानक पाणी पडले की डिस्कला तडा जाऊ शकतो आणि ती खरोखरच वाकूही शकते. उतारावर दुसरा गिअर ठेवावा, आणि खाली थांबल्यावर पेडल दाबून धरू नये, कारण गरम पॅडचा छाप एकाच जागी उमटतो, असे त्यांनी समजावले. ब्रेक ऑइलही बदलले. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि आमच्या हवेत ओलीला तोटा नाही.

चाकांचे नट एअर गनने न ठोकता टॉर्क पान्ह्याने, समोरासमोरचे क्रमाने, आवळले गेले. नवे पॅड बसण्यासाठी मिस्त्री स्वतः गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर गेले आणि पूर्ण न थांबता वेग पुनःपुन्हा कमी करून आले.

उणिवा दोन आहेत. डिस्क मागवाव्या लागल्याने गाडी दोन दिवस अडकली, आणि ग्राहकांना बसायला सावलीची जागा नाही. मजुरी आधीच्या ठिकाणापेक्षा जास्त आहे, पण प्रत्येक मोजमाप बिलावर लिहून मिळाले. एक हजार किलोमीटरनंतर नट आणि पिना पुन्हा तपासण्यासाठी त्यांनी बोलावले आहे. त्याचे पैसे घेणार नाहीत. जाण्याआधी फोन करून आपल्या गाडीच्या डिस्क उपलब्ध आहेत का, हे मात्र विचारून घ्यावे.