एफएचए कर्जाचं घर: शॉर्ट सेल की घर सोपवून मोकळं व्हायचं?

न्यू जर्सीतल्या एका मित्राचे एफएचए (अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण संस्थेचा विमा असलेल्या) कर्जाचे हप्ते थकलेत आणि घर विकूनही कर्ज फिटणार नाही. जप्ती टाळायला दोन वाटा आहेत: कर्जापेक्षा कमी किमतीत शॉर्ट सेल, किंवा 'डीड इन ल्यू', म्हणजे घराची मालकी स्वतःहून सोपवणं.

खटाटोप शॉर्ट सेलमध्येच जास्त. आधी हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीची मंजुरी, मग मूल्यांकन, एजंट, घर बघायला येणारी माणसं. भावाला स्वस्तात विकून पुन्हा तिथेच राहू, हा विचार सोडा. नात्यातला व्यवहार चालत नाही. शिवाय खर्च वजा जाता मिळणारी रक्कम मूल्यांकनाच्या ठरावीक टक्क्यांखाली गेली की ऑफर फेटाळली जाते.

डीडमध्ये ही दगदग नाही, पण टायटल स्वच्छ लागतं, म्हणजे मालकीवर दुसऱ्या कुणाचा दावा नको. घरावर दुसरं कर्ज असेल तर गाडी तिथेच अडते; शॉर्ट सेलमध्ये मात्र त्या सावकाराशी तडजोड जमू शकते. बहुधा आधी विक्रीचा प्रयत्नही करावा लागतो.

पुढचं एफएचए कर्ज दोन्हींनंतर साधारण ३ वर्षं दूर. माफ झालेल्या रकमेवर करही लागू शकतो, म्हणून सीपीएला (कर सल्लागाराला) आधीच विचारा. उरलेलं कर्ज मागणार नाही, हे लेखी घ्याच.

हाती काही महिने असतील किंवा घरावर दुसरा बोजा असेल, तर शॉर्ट सेल. गिऱ्हाईकच मिळालं नाही आणि टायटल स्वच्छ असेल, तर डीड. कोणतीही सही करण्यापूर्वी हड (अमेरिकेचं गृहनिर्माण खातं) मान्यताप्राप्त समुपदेशकाला भेटा. जप्ती टाळण्याचा सल्ला तिथे मोफत मिळतो.