मेंदूच्या ट्यूमरचं ऑपरेशन : रक्ताच्या गुठळ्या टाळायला मोजे की इंजेक्शन?

जुळे सोलापूरच्या मामींचा प्रश्न : मामांना घरी सोडलंय, डावा पाय अजून उचलत नाही. डॉक्टरांनी दाबाचे मोजे आणि पोटातलं इंजेक्शन दोन्हींची चर्चा केलीय. घ्यायचं काय?

गुठळ्यांची भीती खरी आहे. ग्लायोब्लास्टोमासारखा (मेंदूचा एक आक्रमक कर्करोग) ट्यूमर स्वतःच रक्त गोठायला लावतो, त्यात लुळा पाय आणि अंथरूण.

धोका : मोज्यांनी रक्तस्राव होत नाही. एनॉक्सापॅरिनने, म्हणजे पोटात टोचायच्या त्या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनने, होऊ शकतो, तोही नुकत्याच शिवलेल्या डोक्यात. म्हणून ते सहसा ऑपरेशननंतर किमान एक दिवस थांबून, डॉक्टरांनी परवानगी दिली तरच सुरू होतं. पण गुठळी रोखण्यात नुसते मोजे बरेच कमी पडतात, भले दुकानदार काहीही सांगो.

खर्च : मोजे एकदाच घ्यायचे. सुई रोजची, आणि बिल वाढतच जातं.

मेहनत : इथे मोजे हरतात. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मांडीपर्यंतचे मोजे घालून दाखवाच! घामाने खाज सुटते, माणूस ते गुडघ्याशी गुंडाळतो आणि तिथेच पाय आवळला जातो. मापही सकाळी, सूज चढण्याआधी टेपने घ्यावं. सुईला दोन मिनिटं : पोटाची घडी चिमटीत धरा, बेंबीपासून दोन इंच लांब टोचा, नंतर चोळू नका.

चालता-फिरता, रक्तस्रावाची भीती असलेला पेशंट : मोजे आणि भरपूर चालणं. पाय लुळा, स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, किडनी ठीक : डॉक्टर हो म्हणाले तर इंजेक्शन. मामा दुसऱ्या गटातले. मधुमेहाने पाय बधिर असतील तर मोजे विचारूनच.