राजारामपुरीत दवाखाना, मोठ्या हॉस्पिटलची नोकरी की गावाकडचं आरोग्य केंद्र?

पीजी संपवून बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष पुरं होत आलं की ज्युनिअर मंडळी आमच्या घरी चहाला येतात आणि बोलणं याच प्रश्नावर येऊन थांबतं. बहुतेकांचं नुकतंच लग्न झालेलं असतं, काहींच्या कडेवर मूल असतं. घरची माणसं विचारत असतात, "आता दवाखाना कधी टाकणार?" माझा स्वतःचा कोल्हापुरात राजारामपुरीत फिजिशियन म्हणून दवाखाना आहे, नवरा भूलतज्ज्ञ आहे आणि धाकटी जाऊ गगनबावड्याच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. त्यामुळे या वाटा मी रोज जेवणाच्या ताटावर ऐकत आले आहे. पैशाचा हिशोब प्रत्येक जण करतोच. मी सगळ्यांना आधी दुसरा हिशोब करायला सांगते: संध्याकाळी सहा ते नऊ तुम्ही कुठे असणार?

दवाखान्यात याचं उत्तर ठरलेलं आहे. कोल्हापुरात प्रॅक्टिस दोन पाळ्यांची. सकाळी एसटीनं खेड्यापाड्यातले पेशंट येतात, कारण त्यांना उजेडात घरी पोचायचं असतं. शहरातला नोकरदार आणि दुकानदार संध्याकाळी येतो. संध्याकाळची ओपीडी सोडली तर निम्मा दवाखाना सोडल्यासारखं आहे. मूल शाळेतून घरी येतं आणि आपण चपला घालून निघतो. माझ्या मुलीचा बराचसा गृहपाठ रिसेप्शनच्या टेबलावर झाला आहे. जुन्या पेशंटचा केसपेपर कुठल्या कप्प्यात आहे हे तिला कधी कधी माझ्याआधी सापडायचं. साडेआठला "दोनच राहिलेत" असं मी म्हणायची आणि तेवढ्यात दारात रिक्षा थांबायची. दम लागलेल्या माणसाला कसं परत पाठवणार? नेब्युलायझर लावायचा, शेजारी बसून छाती पुन्हा तपासायची, सोबतच्यांना धीर द्यायचा. घरी जेवायला दहा.

पण याच दवाखान्यानं मला दुपार दिली. दीड ते पाच मी घरात. सासूबाईंबरोबर गरम जेवण, सासऱ्यांची शुगर वेळेवर तपासणं, मुलीला शाळेतून आणणं, हे नोकरीतल्या माझ्या कुठल्याच मैत्रिणीला जमलं नाही. रविवार बंद ठेवायचा की नाही हे मी ठरवते. शाळेचं गॅदरिंग असेल तर दोन दिवस आधी दारावर पाटी लावते, पेशंट समजून घेतात. घरात म्हातारी माणसं असतील तर ही दुपार फार मोलाची आहे.

बाळंतपणाचं मात्र नीट बोलून ठेवा. स्वतःच्या दवाखान्यात रजा मंजूर करणारं कोणी नाही आणि त्या रजेचा पगार देणारंही कोणी नाही. शटर बंद असलं तरी जागेचं भाडं, कंपाउंडरचा पगार आणि बँकेचा हप्ता चालूच असतो. मिळकतही सरळ रेषेत येत नाही. कायद्यानं कारखान्यानं ऊस घेतल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं असतं, ते लांबलं की त्याची झळ आपल्या दवाखान्यापर्यंत येते. "ऊस गेला की तपासण्या करू, मॅडम" हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक फिजिशियननं ऐकलेलं आहे. आणि ती अडवणूक नसते, घरात खरंच पैसा नसतो. अशा वेळी मी औषधं थांबू देत नाही, तपासण्या पुढे ढकलते. असं करायची तयारी नसेल तर या भागात दवाखाना टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दवाखाना टाकायचाच ठरला तर सुरुवातीला कॉट टाकू नका. नुसत्या ओपीडीला जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी लागते, ती बिनकॉटच्या दवाखान्याला एकदाच घ्यायची असते. कॉट आल्या की 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी आली, दर तीन वर्षांनी नूतनीकरण आलं, रात्रीची नर्स आणि आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आले. रात्री दोनला सलाईन थांबलं तरी फोन तुम्हालाच येणार. मूल लहान असताना घरातली झोप अशी विकू नये.

जागा बघताना आणखी एक. शाहूपुरीत किंवा व्हीनस कॉर्नरच्या आसपास तळमजला घेणार असाल तर 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं हे शेजारच्या दुकानदाराला विचारा. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट आहे. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. ईसीजी मशीन आणि औषधांचा फ्रिज उचलायला तेव्हा माणसं मिळत नव्हती.

आता मोठ्या हॉस्पिटलची नोकरी. बाहेरून ही सगळ्यात सोपी वाटते: भांडवल नाही, कर्ज नाही, अंगावर कागदपत्रं नाहीत. आयसीयू आणि सिटी स्कॅन त्याच इमारतीत असतात, गंभीर पेशंटसमोर एकट्यानं उभं राहायची वेळ येत नाही. शिकायला भरपूर मिळतं. पहिल्या चार-पाच वर्षांत जेवढे सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) आणि हार्ट अटॅक तिथे हाताळाल तेवढे छोट्या दवाखान्यात आयुष्यभर दिसणार नाहीत. नातेवाईक भडकले तर दारात सुरक्षारक्षक असतो. डॉक्टरवरचा हल्ला हा 2010 च्या राज्याच्या कायद्यानुसार अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण रात्री अकरा वाजता कायदा पुस्तकात असतो आणि आपण माणसांसमोर. तिथे सोबत हवी.

संध्याकाळचं काय? ड्यूटी पाचला संपते असं कागदावर असतं. राउंड, नव्या ॲडमिशन, नातेवाइकांशी बोलणं यात सात होतात आणि ऑन-कॉल असलेल्या रात्री पुन्हा जावं लागतं. तरीही आठवड्यातल्या चार संध्याकाळी घरच्या, हे दवाखान्यापेक्षा जास्तच झालं. शिवाय तुमच्या सुट्टीत पेशंट बघायला दुसरा कन्सल्टंट असतो, म्हणून दिवाळीत गावाला जाता येतं.

सही करण्याआधी करारनामा मात्र बारकाईनं वाचा. पगारी नोकरी आणि 'प्रोफेशनल फी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, पण ती कर्मचाऱ्याला. फीवर घेतलेल्या कन्सल्टंटला हॉस्पिटल कर्मचारी धरत नाही. 10 टक्के टीडीएस कापून रक्कम खात्यात जमा होते, पीएफ नाही, रजाही नाही. मिनिमम गॅरंटी, म्हणजे दरमहा ठरलेली किमान रक्कम, किती महिन्यांची आहे, त्यानंतर काय, बाहेर प्रॅक्टिस करायची मुभा आहे का, हे तोंडी ऐकून भागत नाही. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टर मुलीला सातव्या महिन्यात कळलं की तिची रजा बिनपगारी आहे. त्या दिवसांत तिला ऐकावं लागलेलं सगळं मला अजून डाचतं.

आरोग्य केंद्राविषयी शहरात फार तुच्छतेनं बोलतात आणि मला ते पटत नाही. रजेच्या बाबतीत सरकारी नोकरीसारखं काही नाही: 180 दिवसांची प्रसूती रजा आणि महिलांना नोकरीच्या काळात मिळून 180 दिवसांची बालसंगोपन रजा. खासगी प्रॅक्टिसवर बंदी, त्याबदल्यात व्यवसायरोध भत्ता. डोंगरी भागात 20,000 लोकांमागे एक केंद्र असं प्रमाण आहे, म्हणजे त्या वाड्यावस्त्यांची अख्खी जबाबदारी तुमच्यावर.

पावसाळ्यात जाऊबाईंकडे सर्पदंश येतात. भातलावणीला गेलेली बाई, पायाला दोन ठिपके, नवऱ्याच्या खांद्यावर. जाऊबाई कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतात आणि नळी टेबलावर न हलवता वीस मिनिटं ठेवतात. रक्त गोठलं नाही की घोणस किंवा फुरसं समजून सर्पविषावरची लस सुरू. गोठलं तरी मण्यारीची शंका उरतेच, म्हणून पापण्या जड होतात का हे बघत बसायचं. 108 ला फोन केलेला असतो, पण मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पोचायचं कसं? अशा रात्री तिथे जो डॉक्टर हजर असतो, त्याच्यामुळे माणूस जगतो. एवढं थेट समाधान मला राजारामपुरीत क्वचित मिळतं.

घराचं कोडं मात्र तिथे सगळ्यात अवघड. मुख्यालयी, म्हणजे केंद्राच्या गावीच, राहायचं असतं. मूल पाचवीला गेलं की शाळेसाठी कोल्हापूर हवं, मग नवरा-मुलं इकडे आणि आई क्वार्टरमध्ये तिकडे. आमच्या पुतण्यानं काही वर्षं सासूबाईंजवळ काढली. म्हणून मूल शाळेत जाण्याआधीची वर्षं केंद्रावर काढावीत, ती फार चांगली जातात. अंगण असतं, शेजारी आशाताई असतात, मूल गावाच्या अंगाखांद्यावर वाढतं.

भूलतज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट यांची गोष्ट वेगळी. नवऱ्याला चार-पाच नर्सिंग होमचे फोन येतात. सिझेरियन वेळ बघून येत नाही, त्यामुळे आमच्या घरात वाढदिवसाचा केक त्याची वाट न बघता कापायचा असा नियम आहे.

तर मी काय सांगते? दोघंही डॉक्टर असाल तर दोघांनी एकाच वेळी दवाखाना टाकू नका. एकानं पगारी नोकरी धरावी, तीही रजा लेखी असलेली. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत हॉस्पिटल किंवा आरोग्य केंद्र, नंतर बिनकॉटचा दवाखाना, घरापासून चालत जाता येईल असा. एकटेच कमावते असाल आणि आई-वडील थकलेले असतील तर उलट, दवाखाना आधी, दुपारसाठी. आणि ज्याला मनापासून गावात काम करायचं आहे त्याला माझ्यासारख्यांनी शहरात ओढू नये. त्यानं क्वार्टर तेवढं जुलैत जाऊन बघावं: छत गळतं का, पाणी कुठून येतं, इन्व्हर्टर चालतो का, आणि जवळची शाळा कितवीपर्यंत आहे.