इअरबड जोडून देतो म्हणाला आणि कापसाचे पैसे घेऊन गेला

इअरबड मोबाइलला जोडले जात नसतील, तर त्यासाठी कोणाला पैसे भरायचे नसतात आणि कोणाला आपली स्क्रीनही दाखवायची नसते. आमच्या घरातून ४४,९९७ रुपये गेले ते याच कामाच्या नावाखाली. कापूस विकल्याचे पैसे होते. आता गावात घरोघरी इअरबडची डबी आहे, म्हणून जे झालं ते सविस्तर लिहितो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. कृषिपंपाची लाइन बरेचदा रात्रीचीच असते, त्यामुळे बाबांना ओलिताला रात्री जावं लागतं. वावरात एकट्यानं पाणी फिरवताना तुकडोजी महाराजांची भजनं ऐकता यावीत म्हणून त्यांनी इअरबड घेतले होते. चांगले चालत होते. एका संध्याकाळी डबी उघडली, लाइट लागला, पण मोबाइलच्या यादीत नावच येईना. बाबांनी कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला. सगळ्यात वर जो नंबर आला, तो कंपनीचा नव्हता. हे ठग पैसे मोजून जाहिरात वर आणतात, नाही तर कंपनीच्या नावाची खोटी वेबसाइट काढून तिच्यावर आपला नंबर टाकतात. लोगोसकट सगळं खऱ्यासारखं दिसतं.

फोन उचलणारा हिंदीत बोलत होता, अगदी अदबीनं. मागे कॉल सेंटरसारखा गलका. त्यानं बाबांना आधी मोबाइलचं ब्लूटूथ बंद करायला लावलं आणि मग यादीत इअरबड शोधायला सांगितलं. ब्लूटूथ बंद असल्यावर काय दिसणार? तो म्हणाला, "देखा अंकल, सर्वर में ब्लॉक है. रजिस्ट्रेशन खतम हो गया." बाबांचा विश्वास बसला तो इथे, कारण त्यानं सांगितलेलं त्यांना डोळ्यांनी दिसलं होतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर कंपनीच्या नावाची एक फाइल आली. ती उघडताना मोबाइलनं इशारा दिला, तर म्हणे सगळ्यांना येतो, ओके दाबा. अ‍ॅपनं एकामागून एक परवानग्या मागितल्या, त्याही त्यानंच द्यायला लावल्या, आणि त्यातूनच त्याला बाबांची स्क्रीन दिसू लागली. शेवटी पाच रुपये रजिस्ट्रेशन फी आणि यूपीआय पिन. पिन टाकल्यावर सांगितलं, प्रोसेस चालू आहे, फोन कापू नका, मोबाइल पालथा ठेवा.

मी वावरातून आलो तेव्हा बाबा ओसरीवर तो पालथा मोबाइल समोर घेऊन बसले होते.

"बाबा, कोणासंग बोलून रायले?"

"थांब ना बाप्पा, कंपनीचा माणूस हाय. जोडून देऊन रायला."

मोबाइल उलटा केला तर बँकेचे दोन मेसेज आले होते. २४,९९९ आणि १९,९९८. मी आधी मोबाइलचं इंटरनेट बंद केलं आणि माझ्या फोनवरून १९३० लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. लागत नसेल तर लावत राहा, सोडू नका. तिथे खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय नंबर विचारतात. तो नंबर यूपीआय अ‍ॅपच्या हिस्ट्रीत सापडतो. तक्रार नोंदवली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे पैसे शिल्लक असतील तर गोठवले जातात. आमचे १९,९९८ गोठले. पहिली रक्कम तोवर पुढच्या खात्यात गेली होती.

दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी अर्ज दिला आणि आपल्या प्रतीवर पोच घेतली. ही पोच महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे पिन किंवा ओटीपी ग्राहकाकडून गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर खात्यातून जे जाईल ते बँकेनं सोसायचं. म्हणून घरात एकमेकांना बोल लावण्यात वेळ घालवू नका. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत, शेजारीपाजारी कोणाला सांगू नको म्हणत होते. लोक लाजेपोटी गप्प बसतात, आणि ठगाचं फावतं ते तिथेच.

आता इअरबडचं. ब्लूटूथ म्हणजे दोन वस्तूंमधली जवळची रेडिओ जोडणी, साधारण दहा मीटरच्या आतली. तिला इंटरनेट लागत नाही, सिम लागत नाही. तुमचा मोबाइल आणि डबी यांच्यामध्ये कोणताही सर्व्हर नसतो, त्यामुळे तो ब्लॉक होण्याचा प्रश्नच येत नाही. दूर बसलेला माणूस फार तर कोणतं बटण दाबायचं ते तोंडी सांगू शकतो.

आमच्या इअरबडला काहीच झालं नव्हतं. पुतण्यानं ते आदल्या दिवशी त्याच्या टॅबला जोडले होते आणि टॅब आतल्या खोलीत चालू होता. ओळखीच्या खुंटीवर बैल आपणहून जाऊन उभा राहतो, तसे डबी उघडली की इअरबड आधीच्या ओळखीच्या मोबाइलला किंवा टॅबला जाऊन जोडले जातात. मग दुसऱ्याच्या यादीत दिसत नाहीत. टॅबचं ब्लूटूथ बंद केलं आणि बाबांच्या मोबाइलवर लगेच नाव आलं.

एवढ्यानं नाही झालं तर मोबाइलच्या ब्लूटूथ यादीतून जुनं नाव काढून टाका. दोन्ही बड डबीत ठेवा आणि डबीचं बटण लाइट लुकलुकेपर्यंत दाबून धरा. बटण नसेल तर रीसेट कसं करायचं ते सोबतच्या कागदावर असतं. एकच कान वाजत असेल तरी दोन्ही बड एकत्रच रीसेट करा. आपल्याकडे आणखी एक कारण हमखास असतं, धूळ. बडच्या खालच्या बारीक धातूच्या टिकल्यांवर धूळ आणि कानातला मळ बसतो, बड डबीत असूनही चार्ज होत नाही आणि आपल्याला वाटतं बिघडला. कोरड्या सुती कापडानं पुसा. काही जुन्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये लोकेशन चालू केल्याशिवाय नवी वस्तू यादीत येत नाही, तेही बघा.

आणि नंबर हवाच असेल तर खोका फेकू नका. पाकीटबंद वस्तूवर तक्रारीसाठीचा पत्ता, फोन आणि ईमेल छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. आमचा खोका माळ्यावर होता. त्यावरचा नंबर आणि बाबांनी लावलेला नंबर यांच्यात काही संबंध नव्हता.

बाबांचा मोबाइल आम्ही पूर्ण रीसेट केला, पण त्याआधी सगळ्या मेसेजचे आणि कॉलचे फोटो माझ्या फोनवर काढून ठेवले. यूपीआय पिन बदलला, कार्ड बंद केलं.

पुढे काही दिवसांनी बाबांना आणखी एक फोन आला. सायबर ऑफिसमधून बोलतो, तुमचे पैसे अडकलेत, सोडवायला फी भरा. रक्कमही बरोबर सांगत होता. पहिल्या टोळीकडेच ती माहिती होती. १९३० असो की पोलिस, अडकलेले पैसे सोडायला कोणी फी मागत नाही. बाबांनी "नंबर लिहून घेतो" म्हणून फोन ठेवला, आणि तो नंबरही आम्ही ठाण्यातल्या तक्रारीला जोडून दिला.