पश्चिमाभिमुख किनारा आणि चौकोनी फिल्टरांचा संच : एका हंगामाच्या वापरानंतर

गेल्या आश्विनात मी कॅमेऱ्याच्या लेन्ससमोर लावायच्या, शंभर मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी फिल्टरांचा एक मध्यम किमतीचा संच घेतला आणि फाल्गुनापर्यंत तो गुहागर, हेदवी आणि आरे-वारे येथील किनाऱ्यांवर वापरला. संचात फिल्टर लेन्ससमोर धरणारी धातूची चौकट, तीन स्टॉपचे (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो) दोन ग्रॅज्युएटेड, म्हणजे वरून गडद आणि खालून पारदर्शक फिल्टर (एक ठळक सीमारेषेचा, एक विरळ होत जाणारा), सहा आणि दहा स्टॉपचे दोन एनडी, म्हणजे सगळा उजेड सारखाच कमी करणारे फिल्टर आणि चकाकी कमी करणारा एक पोलरायझर आहे. ग्रॅज्युएटेड फिल्टर रेझिनचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) आहेत, बाकीचे काचेचे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक दोष या किमतीच्या इतर संचांतही असू शकतात.

कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, ही गोष्ट विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसते, पण खरेदीचा निर्णय तिच्यावरच अवलंबून असायला हवा. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या आणि माडांच्या आडून उशिरा वर येतो. त्यापूर्वीच्या अर्ध्या तासात पश्चिमेच्या क्षितिजावर पृथ्वीच्या सावलीचा निळसर पट्टा आणि त्यावर गुलाबी झाक दिसते, तर वाळूवर सावलीविना पसरलेला मऊ उजेड असतो. आकाश आणि वाळू यांच्या उजेडात फारसा फरक नसल्यामुळे त्या वेळी ग्रॅज्युएटेड फिल्टरची गरजच भासत नाही. गुहागरच्या सुरूच्या बनाजवळ मी काढलेली सर्वांत समाधानकारक चित्रे याच वेळची आणि फिल्टर न लावता काढलेली आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

हे फिल्टर खरे उपयोगी पडतात ते सूर्यास्तापूर्वीच्या वीस-पंचवीस मिनिटांत. गुहागरसारख्या सरळ, लांब किनाऱ्यावर क्षितिजाची रेघ कशानेच तुटत नाही, त्यामुळे ठळक सीमारेषेचा फिल्टर तिच्यावर नेमका बसतो. त्याने आकाशाचा उजेड एक-अष्टमांशावर येतो आणि ओल्या वाळूतला तपशील टिकून राहतो. आरे-वारे येथे मात्र समुद्रात घुसलेली टेकडी चित्रात येते आणि तोच फिल्टर तिचा माथा काळवंडून टाकतो. तेथे विरळ होत जाणारा फिल्टर लावावा लागला, पण त्याची पूर्ण घनता वरच्या कडेलाच असल्यामुळे क्षितिजावरचा भगभगीत पट्टा तसाच राहिला आणि वरचे आकाश विनाकारण गडद झाले. मावळतीसाठी मध्यरेषेवर सर्वाधिक गडद असणारा रिव्हर्स फिल्टर हवा, आणि तो या संचात नाही. किनाऱ्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचातली ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

पोलरायझर मावळतीलाही कामाला येतो, असा एक गैरसमज असतो. सूर्यापासून काटकोनात पाहिले तरच त्याचा पूर्ण परिणाम मिळतो, म्हणून मावळत्या सूर्याकडे कॅमेरा धरून तो फिरवत बसण्यात अर्थ नाही. दुपारी चारच्या सुमारास किनाऱ्याच्या रेषेत उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे पाहिले, तर मात्र आकाश आणि सुरूची हिरवाई खुलते. अतिरुंद लेन्सवर आकाशात गडद डाग पडतो, तेव्हा तेथे तो काढून ठेवणेच बरे.

एनडी फिल्टरांपैकी सहा स्टॉपचा उत्तम आहे. एक-पंधरांश सेकंदाचा एक्स्पोजर (कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ) त्याने सुमारे चार सेकंदांवर जातो आणि परतणाऱ्या लाटेच्या रेघा दिसत राहतात. दहा स्टॉपच्या फिल्टरने अर्ध्या मिनिटात समुद्राचे धुके होते, शिवाय चित्रावर जांभळट छटा येते. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) ती बरीचशी काढता येते, पण मावळतीच्या रंगांतून नेमके काय काढायचे हे ठरवणे कठीण जाते.

हेदवीच्या बामणघळीजवळ भरतीच्या वेळी उसळणाऱ्या पाण्याचे तुषार फिल्टरवर बसले आणि ते मी कोरड्या कापडाने पुसले. मिठाच्या कणांनी रेझिनवर बारीक चरे पडले आणि आता समोरून ऊन आले की ते चित्रात दिसतात. चूक माझी होती, तरी सोबतच्या सूचनापत्रात याविषयी एक ओळ असायला हवी होती. चौकटीची पकड मात्र वाऱ्यातही ढिली झाली नाही. अठरा मिलिमीटरपेक्षा रुंद लेन्सवर तिचे कोपरे चित्रात येतात, एवढेच.

वेळ निवडण्यासाठी मी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब वापरतो. त्यानुसार अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि ओहोटी संध्याकाळच्या सुमारास येते. डिसेंबरमध्ये सूर्यही सहाच्या सुमारास मावळत असल्यामुळे वाळूचा रुंद, ओला आरसा नेमका त्याच वेळी समोर असतो. अष्टमीला याच वेळी पाणी भरलेले असते आणि ठळक रेषेच्या फिल्टरचा निम्मा उपयोग वाया जातो.

पूर्ण संच घेण्याची शिफारस मी करणार नाही. चौकट, ठळक रेषेचा फिल्टर आणि सहा स्टॉपचा एनडी सुटे घ्यावेत, आणि जमल्यास रिव्हर्स फिल्टर काचेचा घ्यावा. दहा स्टॉपचा फिल्टर मी आता घरीच ठेवतो आणि पिशवीतल्या त्याच्या जागी गोड्या पाण्याची बाटली नेतो.