बेटाची एक दिवसाची सहल: स्पीडबोट घ्यावी की लाँच?

बेट तेच, दिवस तोच, मार्गदर्शकही दोन्हीकडे आहे. ठरवायचं असतं ते एवढंच, की दहा-बारा जणांच्या स्पीडबोटीने जायचं की पन्नास-साठ जणांच्या दुमजली लाँचने. बुकिंग करताना बहुतेकांची नजर आधी प्रवासाच्या वेळेवर जाते आणि स्पीडबोट तिथेच जिंकते. दोन्हींनी पुरेशा वेळा जाऊन आल्यावर माझा कल मात्र लाँचकडे झाला आहे. स्पीडबोट वाईट आहे असं अजिबात नाही. काही जणांनी तीच घ्यावी, ते कोण हे पुढे येईलच.

आधी वेगाचा हिशेब. स्पीडबोट साधारण 20 ते 25 नॉटने जाते, लाँच 8 ते 9 नॉटने. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. बेट 20 किलोमीटरवर असेल तर स्पीडबोट अर्ध्या तासात पोचते, लाँचला सव्वा तास लागतो. जाऊन-येऊन दीड तास वाचला. पण हा हिशेब सपाट पाण्याचा आहे. स्पीडबोट वेग घेते ती पाण्यावर चढून, घसरत. लाट अर्धा-पाऊण मीटर झाली की तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, इंजिन कमी करावंच लागतं, आणि एकदा बोट पाण्यावरून खाली बसली की तिचा वेग निम्म्यावर येतो. लाँच पाणी कापत जाते, तिला मुळात घाई नसते, त्यामुळे एवढ्या लाटेने तिच्या वेळापत्रकात पाच-दहा मिनिटांचाच फरक पडतो. वाचलेला दीड तास शांत सकाळी खरा असतो, वाऱ्याच्या दुपारी तो पाऊण तास उरतो.

वारा दुपारी का वाढतो हे बहुतेकांना माहीत असतं. जमीन तापते, समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, दुपारी जोर धरतात आणि संध्याकाळी पडतात. पण एक गोष्ट सुटते. खारा वारा किनाऱ्याकडे वाहतो, म्हणजे बेटावरून परतताना लाटा सहसा पाठीमागून किंवा तिरक्या येतात. स्पीडबोटीला खरे दणके बसतात ते परतीच्या सरळ वाटेवर नाही, तर बेटाची फेरी मारताना, वाऱ्याच्या बाजूला नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, समुद्राकडे वळते तेव्हा. लाँचचं उलट. समोरच्या लाटा ती सहज घेते, पण तिरक्या मागून आलेल्या लाटांवर ती आडवी डोलते. परतीला लाँचवर पोट ढवळणारे जास्त दिसतात ते म्हणूनच.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे माझा निर्णय झाला: मार्गदर्शकाचा आवाज. ऐकायला किरकोळ वाटेल. पण मार्गदर्शकासह सहल आपण निवडतो ती त्याच्या बोलण्यासाठीच, आणि स्पीडबोट चालू असताना ते बोलणं कोणापर्यंत पोचत नाही. मागे बाहेरून बसवलेली दोन आउटबोर्ड इंजिनं, समोरून वारा, खाली पाण्याचे फटके. मार्गदर्शक ओरडून दोन वाक्यं बोलतो, जवळच्या बाकावरचे मान डोलावतात, बाकीचे एकमेकांना "काय म्हणाला?" विचारतात. तिसऱ्या वाक्याला तोही गप्प होतो. त्याला घसा दिवसभर पुरवायचा असतो, त्याचा दोष नाही.

हे मला इतकं का खुपतं? कारण बेट समजतं ते पाण्यावरूनच. उतरल्यावर आपण त्याच्या अंगावर असतो, तिथून त्याचा आकार दिसत नाही. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटाचंच बघा. खाली ज्वालामुखीच्या राखेचा थर, त्यावर बसाल्टचे सरळ उभे खांब, त्यावर वेड्यावाकड्या बसाल्टची जाड टोपी. हे तिन्ही थर एका नजरेत येतात ते फक्त समुद्रातून. खांबांवर पाय ठेवला की पायाखालचे षटकोनच दिसतात.

प्रसिद्ध बेट असायलाही हवं असं नाही. कुठल्याही खडकाळ बेटाच्या कड्याकडे ओहोटीच्या वेळी नीट पाहा. पायथ्याशी आडवे पट्टे असतात. सगळ्यात खाली ओलं, तपकिरी-हिरवं शेवाळ. त्याच्या वर शिंपले आणि बार्नेकलचा (खडकाला चिकटलेल्या छोट्या कवचधारी जीवांचा) खडबडीत, पांढुरका पट्टा. त्याच्या वर काळपट पट्टा, तिथे फक्त तुषार पोचतात. मग कोरडा खडक. आडोशाच्या बाजूला हे पट्टे अरुंद आणि खाली असतात. बोट वळून वाऱ्याच्या बाजूला आली की तेच पट्टे रुंद होऊन बरेच वर चढलेले दिसतात, कारण तिथे लाटा जास्त उंचीपर्यंत खडक भिजवतात. बेटावर समुद्र कुठून मारा करतो याची ती नोंदच आहे. मार्गदर्शकाने हाताने दाखवून एक वाक्य सांगितलं तर ती वाचता येते, नाहीतर नुसता भिजलेला खडक दिसतो. हे वाक्य सांगायला जो संथ अर्धा तास लागतो तो लाँचवर मिळतो, स्पीडबोटीवर मिळत नाही.

काही चांगले स्पीडबोटवाले आडोशाला जाऊन इंजिन बंद करतात आणि मार्गदर्शकाला दहा मिनिटं बोलू देतात. हा उपाय बरा आहे, पण अर्धा. थांबलेली हलकी बोट बुचासारखी सगळ्या बाजूंनी हलते. इंजिन नुसतं मंद ठेवलं असेल तर धूर मागच्या बाकांवर येतो. नेमकी याच दहा मिनिटांत मंडळींना बोट लागते आणि ऐकणं बाजूला राहतं.

जमिनीवर पारडं फिरतं, हेही सांगायला हवं. बारा जणांच्या गटात मार्गदर्शकाला प्रत्येकाचा प्रश्न घेता येतो. साठ जणांची रांग अरुंद पायवाटेवर लागली की शेपटाकडच्यांना काहीच ऐकू येत नाही. पण त्याला उपाय आपल्या हातात असतो: पहिल्या पाचात चालायचं आणि बारीकसारीक प्रश्न जातानाच्या सव्वा तासात लाँचवर विचारून घ्यायचे. तेव्हा मार्गदर्शक मोकळा असतो आणि बोलायलाही उत्सुक असतो. स्पीडबोटीवरच्या गोंगाटाला असा काही उपाय मला सापडलेला नाही.

समुद्र बिघडला आणि उतरता आलं नाही तर हा फरक आणखी मोठा होतो. आयर्लंडच्या स्केलिग मायकलसारख्या उघड्या समुद्रातल्या बेटावर लाट मोठी असली की उतरणं रद्द होतं. अशा दिवशी बोटीवरून जे दिसलं आणि जे ऐकलं तेवढीच सहल.

लाँचची खरी दुखरी बाजू म्हणजे उतरणं. तिला निदान दीड-दोन मीटर खोल पाणी लागतं. आउटबोर्ड वर उचललेली स्पीडबोट गुडघाभर पाण्यातही वाळूला टेकते. ओहोटीला लाँच बाहेरच नांगर टाकते आणि माणसं छोट्या होडीतून नेतात. होडीत दहा जण आणि एका फेरीला दहा मिनिटं धरली तर साठ जणांना एक तास लागतो. शेवटच्या फेरीतल्यांच्या बेटावरच्या वेळातून तो तास सरळ कापला जातो, आणि परतीलाही रांग आहेच.

त्यामुळे लाँच घेणार असाल तर तारीख भरती बघून निवडा. दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यांवर भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यात हा फरक जवळजवळ सहा तासांचा होतो. मागच्या रविवारी सकाळी दहाला भरती असेल तर या रविवारी दहाला ओहोटी. "लाँच थेट धक्क्याला लागते" असं कोणी गेल्या आठवड्याच्या अनुभवावरून सांगत असेल तर ते खरंही असेल आणि तुमच्या दिवशी लागूही होणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटीचं पाणी फार खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, हा त्रास कमी.

शेवटच्या टप्प्यासाठी काही ठिकाणी दोन्ही बोटी सारख्याच निरुपयोगी असतात. इटलीच्या काप्री बेटावरच्या निळ्या गुहेचं तोंड पाण्यापासून जेमतेम एक मीटर उंच आहे, आत जायचं ते वल्ह्याच्या होडीत आडवं होऊनच. थायलंडची माया बे 2018 मध्ये प्रवाळ सावरावं म्हणून बंद केली होती. 2022 मध्ये उघडली तेव्हापासून बोटींना उपसागरात शिरता येत नाही, मागच्या बाजूला उतरून चालत जावं लागतं. थेट वाळूला लागण्याचा स्पीडबोटीचा फायदा तिथे उरलेलाच नाही.

होडीत किंवा धक्क्यावर पाऊल टाकताना घाई करू नका, अपघात तिथेच होतात. बोट लाटेबरोबर वर येते, क्षणभर थांबते, मग खाली जाते. पाऊल टाकायचं ते ती वर येऊन थांबते त्या क्षणी. खाली जात असताना टाकलं तर पायाखालची जागा निसटते. पिशवी पाठीला, दोन्ही हात मोकळे. खलाशाच्या हाताची बोटं नाही, मनगट धरायचं. आणि बोट व धक्का यांच्या फटीत हात किंवा पाय कधीही घालायचा नाही, बोट दूर ढकलण्यासाठीसुद्धा नाही.

बोट लागण्याबद्दल एक समज आहे की वेगवान बोटीत जास्त त्रास होतो. उलट आहे. पोट ढवळतं ते संथ वर-खाली होण्याने. एका हेलकाव्याला पाच-सहा सेकंद लागत असतील तर तो सगळ्यात वाईट. स्पीडबोटीचे हादरे त्याहून बरेच भराभर येतात, पोट त्यातून वाचतं, कंबर मात्र सापडते. लाँचवर त्रास होणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर बसावं आणि क्षितिजाकडे बघावं. वरचा मजला आणि टोकं सगळ्यात जास्त हलतात. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा-एक तास. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. स्पीडबोटीत मागचे बाक घ्या, दणका पुढच्या बाकांवर सगळ्यात जोरात बसतो. तळपाय पूर्ण टेकलेले, पाठ ताठ, हातात कडी. पुढे बसून आदळल्याने मणक्याला इजा झालेली माणसं आहेत. त्यामुळे पाठदुखी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि हाडं ठिसूळ झालेल्या वयस्करांनी स्पीडबोट टाळावीच. इथे माझ्या मते दुसरं मत असू शकत नाही.

मग स्पीडबोट कोणी घ्यावी? पाण्यात उतरून प्रवाळ बघणं हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे त्यांनी नक्की. बोटीची कड पाण्याला जवळ असते, शिडी छोटी, दोन-तीन जागा बदलता येतात. लाँचच्या उंच शिडीवरून ओल्या पायांनी चढणं दमवतं. दहा-बारा जणांचा स्वतःचा गट असेल, बेटाची माहिती आधीच असेल आणि गर्दी पोचण्याआधी वाळूवर उतरायचं असेल, तरीही स्पीडबोटच. मात्र पहिली फेरी घ्या, दुपारची नको. सामान नाळेखालच्या कप्प्यात जातं आणि तिथे पाणी येतंच, म्हणून तोंड तीन वेळा गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी हवी.

दोन्हीकडे बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा. मार्गदर्शक धक्क्यापासून सोबत असतो की बेटावर भेटतो? लाँचवर ध्वनिक्षेपक आहे का, आणि जातानाच्या वाटेवर तो माहितीसाठी वापरतात की गाण्यांसाठी? गाणी वाजवत नेणार असतील तर वर मी लाँचच्या बाजूने जे सांगितलं त्यातलं निम्मं बाद होतं, मग वेळ वाचवणारी स्पीडबोट बरी. आणि तिसरं, बेटाची फेरी कोणत्या दिशेने मारतात? घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असेल तर बेट पूर्ण वेळ उजव्या हाताला राहतं. उजव्या बाजूचा, मध्यावरचा, ध्वनिक्षेपकाच्या अगदी खाली नसलेला बाक धरा. तो पहिल्या दहा मिनिटांत भरतो, म्हणून सुटायच्या वेळेआधी अर्धा तास धक्क्यावर असा.