चौथीच्या वर्गात रोबोट गाडी: आठ महिन्यांनंतर

गाडी सरळ जात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण खोक्यावरच्या चित्रात ती रेषेवरून झोकात पळताना दिसते. आमच्या सहाच्या सहा गाड्या पहिल्या दिवशी सुसाट निघाल्या आणि हात-दीड हातावर कडेला वळल्या. तेव्हा किट परत करावं असंच मनात आलं होतं. आज म्हणेन, पैसे वसूल झाले ते या वाकड्या चालीमुळेच.

किट साधं आहे. दोन पिवळ्या मोटारी, दोन चाकं, अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, सेलचा डबा आणि मेंदू म्हणून मायक्रोबिट, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड. प्रोग्रॅम टॅब्लेटवर, मेककोड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्क्रीनवरचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून करायचा. हे मुलांना दोन तासांत जमलं. स्क्रू-ड्रायव्हर धरायला मात्र दोन आठवडे लागले, आणि तेही शिक्षणच होतं म्हणा.

तर ती वाकडी चाल. एक गाडी सारखी डावीकडे जायची. कुणी म्हणालं, फरशीला उतार आहे. मी म्हटलं, मग तिला उलट्या दिशेने सोडून बघा. उताराचा दोष असता तर आता ती स्वतःच्या उजवीकडे वळायला हवी होती. वळली पुन्हा डावीकडेच. फरशी निर्दोष सुटली. मग चाकांची अदलाबदल झाली, तरी फरक नाही. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, डावी मोटार दमते." बरोबर होतं. या स्वस्त मोटारी तंतोतंत सारख्या नसतात. प्रोग्रॅममध्ये डावीचा वेग १०० वर ठेवून उजवीचा उतरवत नेला, ९२ वर गाडी सरळ झाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात नवे सेल घातले आणि ९२ चुकीचं ठरलं! त्या गटाचे चेहरे बघण्यासारखे होते.

वह्यांमध्येही फरक दिसतो. सुरुवातीला सगळीकडे एकच ओळ असायची, "गाडी नीट चालली नाही." आता "१ मीटरला १५ सेंमी डावीकडे" असं लिहितात. कुणी सांगितलं नव्हतं. आकडा लिहिला नाही तर पुढच्या तासाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, हे त्यांना कळलं एवढंच.

सेन्सरनेही असाच घोळ घातला. भिंतीपुढे गाडी शहाण्यासारखी थांबायची, पडद्यात मात्र खुशाल घुसायची. हा सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. वस्तू १ मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन-येऊन साधारण ६ मिलिसेकंद लागतात. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, आणि तिरक्या धरलेल्या पुठ्ठ्यावरून तो भलतीकडेच निघून जातो. वटवाघळाचं उदाहरण मी देणार होते, पण ते मुलांकडूनच आलं.

आता तक्रारी. कंपनीचं नाव घेत नाही. मोटारीच्या वायरींचे डाग, म्हणजे सोल्डरिंगचे सांधे, इतके कच्चे होते की तिसऱ्या महिन्यापर्यंत चार सुटले. डाग मुलांना देता येत नाहीत, म्हणजे ते काम माझ्याच माथी. सोबतच्या पुस्तिकेत अकरा प्रकल्प आहेत, पण सगळे "हे जोडा, ते दाबा, झालं" या थाटाचे. काही चुकलं तर शोधायचं कुठे, यावर अवाक्षर नाही. मी दुसऱ्या महिन्यात ती कपाटात ठेवली. मायक्रोबिट मात्र एकही बिघडला नाही, दोनदा टेबलावरून पडूनही.

खरी अडचण किटची नव्हतीच, संख्येची होती. बत्तीस मुलं आणि सहा गाड्या. एका गाडीमागे पाच-सहा जण बसले की दोघं काम करतात, बाकीचे खोडरबर कुरतडतात. आणि टॅब्लेट नेहमी त्याच हातात. शेवटी अर्धा वर्ग गाड्यांवर आणि अर्धा कागदी पुलांवर बसवला आणि दर तासाला कामं फिरवली. एक जोडणार, एक प्रोग्रॅम करणार, एक मोजून लिहिणार. पुलांना खर्च कागदाचा आणि चिकटपट्टीचा. खरं सांगायचं तर काही मुलं तिथेच जास्त रमली. एका गटाने कागदाची घडी घालून पन्हळी केली आणि पुलावर कंपासपेटी उभी राहिली, तेव्हा गाड्यावालेही उठून बघायला आले.

पुन्हा घ्यायचं झालं तर? घेईन, पण तीनच गाड्या, आणि उरलेल्या पैशांत जादा मोटारी, चार्ज होणारे सेल आणि मोजपट्ट्या. तास चाळीस मिनिटांचा असेल तर घेऊ नका. सामान काढण्या-आवरण्यातच पंधरा मिनिटं जातात. आम्ही दोन तास जोडून घेतले तेव्हा कुठे काम मार्गी लागलं.

आणि सुटी लागण्याआधी डब्यांतले सेल काढून ठेवा. आम्ही दोन गाड्यांतले विसरलो. ते गळले आणि स्प्रिंगा हिरव्या पडल्या. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून घासल्यावर एक गाडी चालू झाली. दुसरीच्या वायरीपर्यंत गंज गेला होता. ती आता सुट्या भागांच्या डब्यात आहे.